वीज आयोग कुणाच्या हाताखाली? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरगुती वीजबिलातले आकार एकेक करून उलगडले होते. त्यात ‘आयोगाने मंजूर केलेला दर’ हे शब्द वारंवार आले, आणि पत्रं आली ती बहुतेक त्या आयोगावरच. हा आयोग कोण, त्याला पगार कोण देतं, सरकारने डोळे वटारले तर तो काय करतो? या वेळची सगळी जागा त्या पत्रांना दिली आहे. जागेअभावी प्रश्न थोडे आटोपते केले आहेत.

प्रश्न: आमच्या बिलाचा दर मुंबईतला राज्य आयोग ठरवतो असं तुम्ही लिहिलंत. मग दिल्लीत आणखी एक केंद्रीय आयोग कशासाठी? दोन-दोन आयोग पोसायचे कशाला?
(एक गृहिणी, कराड)

उत्तर: ताई, तुमच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी असतात. (त्याखालचं वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर. त्याच्याशी आयोगाचा संबंध नाही.) या रकमेतला सगळ्यात मोठा वाटा महावितरणने बाहेरून विकत घेतलेल्या विजेच्या किमतीचा असतो. ती वीज कुणाच्या केंद्रातून आली, यावर तिचा दर कोण ठरवणार हे अवलंबून असतं. चंद्रपूर आणि कोराडी ही महानिर्मितीची, म्हणजे राज्याची केंद्रं. त्यांचा दर मुंबईतला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. सोलापूरचं १३२० मेगावॅटचं आणि नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याचं २३२० मेगावॅटचं केंद्र एनटीपीसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कंपनीचं. महाराष्ट्राच्या मातीत उभं असलं तरी त्यांचा दर दिल्लीतला केंद्रीय विद्युत नियामक आयोग ठरवतो. छत्तीसगड किंवा गुजरातमधून ज्या मोठ्या वाहिन्यांवरून वीज येते, त्यांचं भाडंही तोच ठरवतो. तारापूरच्या अणुविजेचा दर मात्र अणुऊर्जा विभाग ठरवत आला आहे.

म्हणजे तुमच्या बिलातले काही पैसे मुंबईत ठरतात आणि काही दिल्लीत. याशिवाय देशभराच्या ग्रिडची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, शिस्त केंद्रीय आयोगाच्या हातात आहे. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राहिली पाहिजे, हा नियम त्याच्याच ग्रिड संहितेतला. वीजबाजारात भाव कडाडले तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये त्याने युनिटला १२ रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी ती १० रुपयांवर आणली. ही मर्यादा नसती, तर त्या उन्हाळ्यात महावितरणला बाजारातून घ्यावी लागणारी वीज किती महाग पडली असती याचा विचार करा.

आयोगांची गरज का पडली, हे महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला. त्या वेळी नियामक आयोग नावाची गोष्टच देशात नव्हती. दराची छाननी जाहीरपणे करील, ग्राहकाला कागद दाखवील, ‘हा आकडा कुठून आला’ असं कंपनीला विचारील, अशी एकही जागा नव्हती. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, मंडळाला ती वीज झेपेना आणि मे २००१ मध्ये खरेदी थांबली. दाभोळचा करार होत असताना एखादा आयोग बसलेला असता, तर त्या कलमांची चर्चा निदान उघड्यावर झाली असती, असं माझं ठाम मत आहे.

देशातला पहिला आयोग ओरिसाने १९९६ मध्ये नेमला. संसदेने १९९८ मध्ये कायदा केला, आणि त्याच वर्षी २४ जुलैला केंद्रीय आयोग स्थापन झाला. अर्थतज्ज्ञ एस. एल. राव हे त्याचे पहिले अध्यक्ष. महाराष्ट्राचा आयोग ऑगस्ट १९९९ मधला. पुढे वीज कायदा २००३ आला आणि आज दोन्ही आयोग त्याच कायद्यावर चालतात.

प्रश्न: मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आयोगावर नेमकं कोण असतं, त्यांना कोण नेमतं आणि कोण काढू शकतं? पुस्तकांत ‘स्वायत्त संस्था’ एवढंच लिहिलेलं असतं.
(एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: केंद्रीय आयोगात अध्यक्ष आणि तीन सदस्य पूर्णवेळ असतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा अध्यक्ष पदसिद्ध म्हणून पाचवा. हे झालं वीज कायद्याचं कलम ७६. पुढच्या कलमात पात्रता आहे. एक जण वीजनिर्मिती, पारेषण किंवा वितरणातला अभियंता हवा, एक वित्तातला, आणि उरलेले दोघे अर्थशास्त्र, वाणिज्य, कायदा, व्यवस्थापन यांतले, पण एका विषयातून एकच. सर्वोच्च न्यायालयाचा आजी-माजी न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश यालाही भारताच्या सरन्यायाधीशांचा सल्ला घेऊन अध्यक्ष नेमता येतं. मुदत पाच वर्षं, वयाची मर्यादा ६५. त्याच आयोगावर त्याच पदावर पुन्हा नेमणूक नाही. दुसऱ्या आयोगावर चालते. प्रमोद देव आधी महाराष्ट्राच्या आयोगाचे अध्यक्ष होते आणि २००८ मध्ये केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष झाले.

परीक्षेसाठी एवढं पुरेल. खरा प्रश्न निवड समितीचा आहे. कायद्यात तिचं अध्यक्षपद नियोजन आयोगाच्या ऊर्जा सदस्याकडे होतं. नियोजन आयोग गेला, नीती आयोग आला. बाकी सदस्य म्हणजे विधी खात्याचा सचिव, सार्वजनिक उपक्रम निवड मंडळाचा अध्यक्ष, एका सार्वजनिक वित्तसंस्थेचा प्रमुख, एका संशोधन किंवा व्यवस्थापन संस्थेचा प्रमुख आणि संयोजक म्हणून वीज मंत्रालयाचा सचिव. समिती प्रत्येक जागेसाठी दोन नावं देते, आणि त्यांतलं एक सरकार निवडतं.

आता हे नीट पाहा. एनटीपीसी, एनएचपीसी, पॉवरग्रिड या कंपन्यांचा मालक कोण? केंद्र सरकार, आणि त्यांचा कारभार पाहतं वीज मंत्रालय. या कंपन्यांना भांडवलावर किती परतावा मिळावा हे आयोगाने ठरवायचं. आणि त्या आयोगावरची माणसं निवडणाऱ्या समितीचा संयोजक त्याच मंत्रालयाचा सचिव. तो माणूस कितीही सचोटीचा असला तरी ही रचना मला पटत नाही. राज्यांसाठी याच कायद्याने समितीच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचा माजी न्यायाधीश बसवला आहे. केंद्रातही तसंच व्हायला हवं.

एकदा नेमलेल्या माणसाला हलवणं मात्र सोपं नाही, आणि ही कायद्याची चांगली बाजू आहे. आर्थिक हितसंबंध गुंतवणं, पदाचा गैरवापर, गैरवर्तन या कारणांसाठी सदस्याला काढायचं तर आधी विद्युत अपील न्यायाधिकरणाच्या अध्यक्षाने चौकशी करून तसा अहवाल द्यावा लागतो. मंत्र्याच्या सहीने घरी पाठवता येत नाही. नेमणुकीनंतर पगार कमी करता येत नाही. पद सोडल्यावर दोन वर्षं वीज धंद्यातल्या कंपनीत नोकरी नाही, आणि कुणाची बाजू घेऊन आयोगापुढे उभंही राहता येत नाही.

तरीही आयोगाला लुळं करायला माणूस काढावाच लागतो असं नाही. जागा रिकामी ठेवली तरी तोच परिणाम होतो. सदस्याची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी प्रस्ताव समितीकडे गेला पाहिजे आणि समितीने तीन महिन्यांत नाव दिलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होतं त्याचा हा दाखला. १२ एप्रिल २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका खटल्यात सांगितलं की आयोग न्यायालयासारखे वाद निकाली काढतो, म्हणून प्रत्येक आयोगावर कायद्याचा एक माणूस असलाच पाहिजे. केंद्रीय आयोगावर तो नेमला गेला नाही. प्रकरण अवमान याचिकेपर्यंत गेलं, ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने कडक भूमिका घेतली आणि आयोगाचं कामकाज काही महिने खोळंबलं. २०२१ च्या सुरुवातीला विधी सदस्य आला तेव्हा सुनावण्या पुन्हा लागल्या. निकाल लांबला की व्याज चढत राहतं, आणि ते पुढच्या दरात येतं. एका रिकाम्या खुर्चीचे पैसे अखेर बिल भरणाऱ्याकडून वसूल होतात.

प्रश्न: आयोगाचा खर्च कंपन्यांच्या फीमधून चालतो असं ऐकलं. ज्यांचे दर ठरवायचे त्यांच्याच पैशावर चालणारा आयोग निःपक्ष कसा?
(एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे)

उत्तर: प्रश्न रास्त आहे, पण मला वाटतं धोका इथे नाही.

केंद्रीय आयोगाचा स्वतंत्र निधी आहे, कलम ९९ नुसार. त्यात सरकारचं अनुदान किंवा कर्ज येऊ शकतं, आणि आयोगाला मिळणारी फी येते. दर ठरवून घ्यायला येणारी कंपनी, पारेषणाचा परवानाधारक, वीज व्यापारी या सगळ्यांना फी भरावी लागते. पण ती खूश होऊन दिलेली देणगी नसते. किती भरायची हे नियमाने ठरलेलं असतं, निकाल बाजूने लागो की विरुद्ध. ब्रिटनमधल्या ऑफजेम या नियामकाचा खर्चही परवानाधारकांच्या शुल्कातूनच चालतो. उलट दर वर्षी मंत्रालयाच्या दारात हात पसरावा लागला असता तर मला जास्त काळजी वाटली असती.

आणि ही फी अखेर भरतं कोण? मी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाचे हिशेब पाहायची, तेव्हापासून केंद्रीय आयोगाचे आदेश शेवटच्या पानापासून वाचायची सवय लागली आहे. शेवटी शेवटी एक छोटा परिच्छेद हमखास असतो: याचिकेची फी आणि जाहिरातीचा खर्च कंपनीने लाभार्थ्यांकडून वसूल करावा. लाभार्थी म्हणजे वीज घेणाऱ्या राज्यांच्या वितरण कंपन्या, म्हणजे महावितरण, म्हणजे तुम्ही-आम्ही. आयोग आपल्याच पैशावर चालतो. म्हणून त्याच्याकडे जाब मागायचा हक्कही आपला.

या फीवर १८ टक्के जीएसटी लावायचाही प्रयत्न झाला. कर खात्याचं म्हणणं असं की आयोग सेवा पुरवतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. नियमनाचं काम हा धंदा नव्हे, त्याची फी म्हणजे धंद्याची कमाई नव्हे, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो.

हिशेब भारताचे महालेखापरीक्षक तपासतात, वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. इथवर ठीक. अडचण आहे ती कलम ९१ मध्ये. आयोगात अधिकारी किती, कुठल्या दर्जाचे, त्यांचा पगार किती, या प्रत्येकाला सरकारची मान्यता लागते. निधी स्वतःचा असूनही माणसं वाढवायची मोकळीक नाही. मग प्रतिनियुक्तीवर माणसं येतात, बऱ्याचदा ज्यांचे दर तपासायचे त्याच सरकारी कंपन्यांतून, आणि काही वर्षांनी तिथेच परत जातात. त्यांच्या प्रामाणिकपणावर मी बोट ठेवत नाही, पण आयोगाला स्वतःचा, कायमचा, चांगल्या पगाराचा कर्मचारीवर्ग हवा.

आतल्या शिस्तीचाही प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आयोगाने वीजबाजारांतल्या किमती एकत्र ठरवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि दुसऱ्या दिवशी असा बाजार चालवणाऱ्या इंडियन एनर्जी एक्स्चेंज या कंपनीचा शेअर कोसळला. आदेशाची माहिती आधीच बाहेर गेली होती, असं शेअर बाजाराच्या नियामकाने, सेबीने, ऑक्टोबरमधल्या अंतरिम आदेशात म्हटलं आणि त्या माहितीवर कमावल्याचा आरोप असलेले सुमारे १७३ कोटी रुपये गोठवले. तो अंतरिम आदेश होता, अंतिम निकाल नव्हे. पण आयोगाच्या एका कागदावर किती पैसा स्वार असतो, हे त्यातून कळतं. अशा कागदाची राखण करणाऱ्यांची नेमणूक परवानग्यांत अडकवून ठेवणं परवडणारं नाही.

प्रश्न: निवडणूक आली की दरवाढ थांबते, निवडणूक झाली की येते. शेवटी सरकार म्हणेल तेच होणार ना?
(एक शेतकरी, जत)

उत्तर: दादा, कायदा काय म्हणतो ते आधी सांगते. सरकारला शेतीपंपाची वीज स्वस्त किंवा फुकट द्यायची असेल तर त्याला कुणीच अडवत नाही. फक्त कलम ६५ सांगतं की त्या सवलतीचे पैसे सरकारने वितरण कंपनीला आगाऊ द्यायचे. दिले नाहीत, तर सरकारचा आदेश लागू होत नाही, आयोगाचाच दर चालतो. सवलत देणारा हात सरकारचा, तर पैसेही सरकारच्याच तिजोरीतून यायला हवेत. आयोगाला दर दाबून ठेवायला सांगायचं नाही.

दुसरीकडे कलम १०७ आहे, राज्यांसाठी १०८. लोकहिताच्या धोरणाबाबत सरकार आयोगाला निर्देश देऊ शकतं. एखादी बाब असं धोरण आहे की नाही यावर वाद झाला, तर? तो निर्णयही सरकारचाच, आणि अंतिम. आयोगाच्या स्वातंत्र्याच्या भिंतीतली ही सगळ्यात मोठी फट आहे. एका विशिष्ट प्रकरणाचा निकाल असाच द्या, असं मात्र सरकारला सांगता येत नाही. तसा निकाल दिला तर तो अपिलात टिकायचा नाही.

पण तुमचा अनुभव खोटा नाही. दबाव लेखी निर्देशातून क्वचितच येतो. तो येतो दिरंगाईतून. वितरण कंपनी दरयाचिका उशिरा आणते, आयोग खर्च मान्य करतो पण ‘आत्ता वसूल करू नका, पुढे पाहू’ म्हणतो. ही थकलेली रक्कम नियामक मत्ता म्हणून वहीत पडून राहते आणि तिच्यावर व्याज चढतं. दिल्लीत अशी रक्कम हजारो कोटींवर गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला नियमनाचं अपयश म्हटलं आणि सगळ्या राज्यांच्या आयोगांना ही थकबाकी मुदतीत फेडण्याचा आराखडा करायला लावला. आजचा लोकप्रिय दर उद्याच्या ग्राहकाच्या नावावर लिहिलेलं कर्ज असतो. जो आयोग हे ओळखून वेळच्या वेळी थोडी दरवाढ देतो, त्याला लोक शिव्या घालतात. मला तो आयोग जास्त स्वतंत्र वाटतो.

प्रश्न: आमच्या गोव्याचा आयोग कुठे आहे?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर: गोवा आणि बहुतेक केंद्रशासित प्रदेशांसाठी मिळून एक संयुक्त आयोग आहे, आणि त्याचं कार्यालय हरयाणात, गुरुग्रामला आहे. दरयाचिकेवर हरकत लेखी आणि ईमेलने पाठवता येते. जाहीर सुनावणीची नोटीस वर्तमानपत्रात येते, तिच्यावर लक्ष ठेवा.

प्रश्न: दरवाढीच्या सुनावणीला जाऊन काही उपयोग होतो का? याचिका शेकडो पानांची, समोर कंपनीचे वकील. आमच्यासारख्याने काय बोलायचं?
(एक लघुउद्योजक, नाशिक)

उत्तर: उपयोग होतो, आणि हे मी दोन प्रकरणांवरून सांगते.

पहिलं मुंद्र्याचं. कच्छमधल्या ४००० मेगावॅटच्या त्या प्रकल्पातून महाराष्ट्राने ७६० मेगावॅट वीज घेण्याचा करार २००७ मध्ये केला. २५ वर्षांचा सरासरी दर होता युनिटला २ रुपये २६ पैसे. कोळसा इंडोनेशियाचा. तिथल्या सरकारने निर्यातीच्या किमतीचे नियम बदलले, कोळसा महागला, आणि कंपनी जादा दर मागायला केंद्रीय आयोगाकडे गेली. एप्रिल २०१३ मध्ये आयोगाने कंपनीला भरपाई देण्याच्या बाजूने कौल दिला. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने ग्राहकांच्या वतीने त्याला आव्हान दिलं. कायद्याचं कलम ९४ आयोगाला ग्राहकांचा प्रतिनिधी मान्य करण्याची मुभा देतं, त्यातूनच अशा संस्थांना उभं राहता येतं. ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई रद्द केली. परदेशातला कायदा बदलला म्हणून इथला करार मोडत नाही, आणि महागाई ही काही दैवी आपत्ती नव्हे, असा तो निकाल. पुढे करारात दुरुस्ती करण्याच्या हालचाली झाल्या, पण परदेशात कोळसा महागला एवढ्याच कारणावर कराराचा दर वाढवून मिळत नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं.

दुसरं आपल्याकडचं. राज्यात लाखो शेतीपंपांना मीटर नाही, म्हणून त्यांचा वापर अंदाजाने धरतात. अंदाज फुगवला की गळती आणि चोरी कमी दिसते. ग्राहक संघटना आणि उद्योजक हा मुद्दा वर्षानुवर्षं प्रत्येक सुनावणीत मांडत होते. अखेर आयोगाने अभ्यासगट नेमला आणि मार्च २०२० च्या दरआदेशात शेतीचा वापर कंपनीने दाखवल्यापेक्षा कमी धरला.

तुम्ही सगळी याचिका वाचू नका. वीजखरेदीचा तक्ता, वितरण हानीचा तक्ता आणि तुमच्या वर्गवारीचा प्रस्तावित दर, एवढंच काढा. हरकत एका पानाची पुरे: नाव, ग्राहक क्रमांक, याचिकेतला परिच्छेद किंवा तक्त्याचा क्रमांक, आणि तुमचा प्रश्न. ‘दरवाढ रद्द करा’ असं लिहिलंत तर आयोग एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा होतो. ‘तक्ता अमुक यात गेल्या वर्षीचा आकडा इतका होता, यंदा इतका का?’ असं लिहिलंत तर कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि आयोगाला आदेशात आपलं मत नोंदवावं लागतं. हरकतीला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिली तरी चालते. मुदत नोटिशीत असते. ती चुकवू नका.

आदेशात तुमच्या हरकतीला उत्तरच दिलं नसेल तर ते अपिलाचं कारण होऊ शकतं. दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे जायची मुदत ४५ दिवसांची असते. एकट्या कारखान्याला तो खर्च जड जातो, म्हणून तुमच्या औद्योगिक वसाहतीच्या संघटनेने आत्तापासूनच त्यासाठी वेगळी वर्गणी काढून ठेवावी.